अल्माटी ते अतिराऊ

पोरं तीन, हात दोन.
घरातून निघतानाच हा हिशेब करून ठेवला होता:
एरासिल कडेवर, दाउरेन मनगटाला,
आणि ऐनाशला बजावलं, तू माझ्या कोटाचं टोक धर,
काही झालं तरी सोडायचं नाही.
तपासणीत कोट काढून ट्रेमध्ये टाकावा लागला.
तिनं सोडला नाही.
सरकत्या पट्ट्याबरोबर चार पावलं चालत गेली
सात वर्षांची माझी शब्दाला जागणारी पोर,
शेवटी वर्दीतल्या माणसानं एकेक बोट उलगडलं.

खिडकी दाउरेनला हवी होती. मिळाली,
आणि लगेच नकोशी झाली.
कान दुखू नयेत म्हणून सासूबाईंनी दिलेले
वाळल्या दह्याचे खारे गोळे,
त्यातला एक त्यानं चघळला,
दुसरा पुढच्या टकल्या गृहस्थाच्या कॉलरमध्ये सोडला.
मी माफी मागितली.
मग रस सांडला त्याची, रडण्याची, लाथांची.
त्या दिवशी माफी मी सुट्ट्या पैशांसारखी
मूठ उघडून वाटत होते.

तोक्तार तिकडे, तेलाच्या विहिरींवर. तीन महिने.
फोनवर रोज एकच: चालला का?
नाही रे. धरून उभा राहतो.
मी दिसेपर्यंत चालू देऊ नकोस हं, तो हसत म्हणायचा,
जणू पोराच्या पायांना कडी होती
आणि ती माझ्याच हातात.

बेतपाक-दालाच्या वर कुठेतरी,
खाली नुसती पिवळट माती, घर नाही, झाड नाही,
दाउरेन ओकला.
मी पुसायला वाकले
आणि एरासिल माझ्या मांडीवरून घसरला,
सीटचा दांडा धरला,
सोडला.
एक.
दोन.
विमान हललं. तो नाही हलला.
तीन.

पलीकडच्या ओळीतली म्हातारी जवळजवळ किंचाळली,
अगं, याचा दोरा कापला का?

आमच्यात पोर चालू लागलं की
पायांत काळा-पांढरा दोरा बांधून कापतात,
पुढे वाटेत कुठे अडू नये म्हणून.
पोर ज्याच्यासारखं व्हावं, त्यानं कापायचा.

नाही आजी, याचे वडील...
वडील कुठायत?
पुढे. अतिराऊला.
आणि पोर?
पोर तिच्याच गुडघ्याला धरून उभं होतं.

म्हातारीनं शालीतून पांढरा धागा ओढला,
काळा स्वतःच्या मोज्यातून,
मांडीवर पीळ दिला, इवल्या घोट्यांना गाठ मारली.
कात्री अल्माटीलाच जप्त झालेली.
बरं, कापणार कोण? न अडखळणारं आहे का कुणी?
मी स्वतःकडे पाहिलं: बाहीवर ओकारी, बुटाची नाडी सुटलेली.
टकले गृहस्थ मागे वळून म्हणाले,
मी नको. माझा गुडघा.
तेव्हा ऐनाश उठली.
एका मुठीत अजूनही माझा कोट.
पुढचे दोन दात पडलेले,
म्हणून मान तिरकी करून दाढेनं
तिनं तो दोरा तोडला.

म्हातारीनं मूठभर गोळ्या-चॉकलेटं उधळली.
हवाई सुंदरी तरातरा आली, कपाळाला आठ्या,
वाकून एक चॉकलेट उचललं,
खिशात टाकलं,
आणि म्हणाली, पट्टे लावा.

अतिराऊला काचेच्या दारापलीकडे
तोक्तार गुडघ्यांवर बसलेला, हात पसरून.
मी एरासिलला खाली ठेवलं.
तो गेला. सात पावलं, आठव्याला बापाच्या छातीवर.
पहिलं पाऊल! तोक्तार ओरडला,
बघितलंस? माझ्यासाठी थांबला होता!
त्याची दाढी ओली झाली होती.

बाबा, तो तर विमानात...
दाउरेनचं वाक्य पुरं झालं नाही.
ऐनाशनं त्याच्या तोंडात खारा गोळा कोंबला होता.

मी तिच्याकडे पाहिलं.
कोट तिनं केव्हाच सोडला होता.
खिशात हात घालून उभी होती, बाईमाणसासारखी,
आणि खिशाबाहेर लोंबत होतं
बोटभर काळं-पांढरं.
मी जवळ जाऊन ते आत सारलं.